पेलाभर अग्वीता

बाबा,

तुम्ही जाऊन सोळा वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी तुम्हाला कधी लिहिलं नाही, कारण जे लिहायचं होतं त्याचीच भीती वाटायची. गेल्या पंधरवड्यात ती भीती बरीचशी गेली, म्हणून आज बसले आहे. आधी ती कसली होती ते सांगते. तुमच्या आजारपणात डॉक्टरांनी दिवसाला एक लिटरच पाणी सांगितलं होतं, त्याहून जास्त तुमच्या हृदयाला झेपणार नव्हतं. तुम्ही दिवसभरात काय आणि किती प्यायलात याची वही ठेवायचं काम तेरा वर्षांच्या माझ्याकडे होतं. त्या वहीत मी खोटं लिहिलं. संध्याकाळी तुम्ही मागायचात तेव्हा मी पेलाभर पाणी द्यायचे आणि रकान्यात नुसतं 'थोडे' लिहायचे. त्यानंतर महिन्याभरात तुम्ही गेलात. तेव्हापासून माझ्या मनात पक्कं बसलं की तुम्हाला दुखण्याने नेलं नाही, माझ्या त्या एका शब्दाने नेलं. आईला मी हे कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने मला माफ केलं असतं, आणि ते मला नको होतं.

मी सात वर्षांची होईपर्यंत कुठल्याच शाळेत गेले नाही, हे इथे सिंगापूरमध्ये कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. तुम्ही मालवाहू जहाजावर इंजिनियर, आणि तेव्हा कंपनी बायकामुलांना बरोबर नेऊ द्यायची, म्हणून माझी पहिली शाळा म्हणजे तुमची केबिन. आई अक्षरं शिकवायची, तुम्ही आकडे. केबिनच्या भिंतीवर एक थर्मामीटर होता. रोज सकाळी तो बघायचा आणि जुन्या लॉगबुकाच्या उरलेल्या पानांवर त्याचा आकडा भरायचा, हा माझा गृहपाठ. इंजिनरूमच्या लॉगवर व्हायची तशी त्यावर संध्याकाळी तुमची सही व्हायची आणि मला ती फार मोठी गोष्ट वाटायची. एकदा मी न बघताच कालचा आकडा लिहिला. कालच्याइतकंच गरम होत होतं, मग बघायचं कशाला? तुम्ही ओरडला नाहीत. पान माझ्यासमोर ठेवलंत आणि म्हणालात, "यात 'मला वाटलं' असा रकाना कुठे आहे, दाखव." मी तो खरोखर शोधला, डावीकडून उजवीकडे, बोट ठेवून. तुम्ही माझं बोट शेवटच्या रेघेपर्यंत जाऊ दिलंत. "नाही ना? मग पारा सांगेल तेच लिहायचं." आजही एखादा फॉर्म भरताना मी दोनदा मागे जाऊन तपासते, तेव्हा ते बोट पानावर फिरत असतं.

जेवणाच्या टेबलावर मात्र तुमचा हा कडकपणा कुठे जायचा कुणास ठाऊक. तुमच्या फेऱ्या वर्षानुवर्षं पेरू आणि चिलीच्या किनाऱ्याला. तिथल्या बंदरांत तुम्ही स्पॅनिश उचललीत, तीही बहुतेक खाण्यापिण्याची. तिथली माणसं खायच्या वस्तूला लाडाने लहान करून हाक मारतात, आपण घरातल्या बाळाला मारतो तशी. कॉफीला काफे म्हणण्याऐवजी काफेसितो म्हणायचं. भात म्हणजे आरोसितो, सूप म्हणजे सोपीता, पाणी म्हणजे अग्वीता. तुम्हाला याची इतकी गोडी लागली की आपल्या घरातल्या पदार्थांनाही तुम्ही तसल्या शेपट्या लावल्यात. भातीतो वाढ, पोळीता वाढ, वरणीतो आहे का अजून. आई म्हणायची, "माझ्या वरणाला काय झालंय म्हणून त्याला एवढं लाडावताय?" मी एकदा विचारलं होतं, काफेसितो म्हणजे कप लहान असतो का. तुम्ही म्हणालात, "नाही गं. कप तेवढाच. मागणं लहान." मला ते तेव्हाच नीट समजलं होतं. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे स्वतःचा बचाव करताना मला 'समजलं नव्हतं' असं म्हणायला जागा उरली नाही.

मग आपण पुण्याला स्थिरावलो आणि पाच-सहा वर्षांत तुमचं हृदय थकलं. पाय सुजायचे, जिना चढताना तुम्ही मधल्या पायरीवर थांबून खिडकीबाहेर बघायचं सोंग करायचात. वही तुम्हीच आणलीत. रकाने तुम्हीच पट्टीने आखलेत: वेळ, काय, किती, सही. मी मोजपात्र घेऊन घरभर फिरायचे. चहा नव्वद, दूध शंभर, गोळीबरोबरचं पाणी पन्नास. एप्रिलचा उकाडा होता. शाळेतून आल्यावर दप्तर टाकायच्या आत मी तुमच्या खोलीत डोकवायचे, आणि एके दिवशी तुम्ही माझ्याकडे न बघता, पंख्याकडे बघत म्हणालात, "अग्वीता मिळेल का?" जहाज सोडल्यापासून तो शब्द मी ऐकला नव्हता. मोजपात्र माझ्या हातात होतं आणि त्या दिवसाचा लिटर दुपारीच संपलेला होता. मी स्वयंपाकघरात गेले, माठातून पेला भरला, काठापर्यंत, आणि तुम्हाला दिला. तुम्ही एका दमात संपवलात. मी वहीत लिहिलं: साडेपाच, पाणी, थोडे. आकड्याच्या रकान्यात शब्द. रात्री जेवणाआधी तुम्ही पान वाचलंत, त्या ओळीवर थांबलात, आणि सही केलीत. त्यानंतर हे रोजचं झालं. मला वाटायचं, तुम्ही मला पकडण्याची वाट बघता आहात.

पुढचं थोडक्यात. शिकले, आणि तुमच्याच क्षेत्राच्या कडेला येऊन थांबले. इथे एका जहाज चालवणाऱ्या कंपनीत खलाशांच्या विभागात काम करते: त्यांची तिकिटं, त्यांचे पास, आणि कुणी आजारी पडून सिंगापूरला उतरवला गेला की त्याचं सगळं. बिशानला दोन पुण्याच्याच मुलींबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. स्पॅनिश मी कॉलेजात रीतसर शिकले. का शिकले, हे विचारणाऱ्यांना मी नोकरीसाठी असं सांगते. ऑफिसात ती येणारी मी एकटीच, त्यामुळे गेल्या महिन्यात पेरूचा एक स्वयंपाकी जहाजावरून उतरवला तेव्हा तो माझ्या वाट्याला आला. तुमच्याच वयाचा, म्हणजे तुम्ही असता तर असता त्या वयाचा. जहाजावर धाप लागून पडला होता. हॉस्पिटलने चार दिवस ठेवून घेतलं, फुफ्फुसातलं पाणी काढलं, आणि सांगितलं की हृदय अशक्त आहे, दिवसाला दीड लिटरच्या वर काही प्यायचं नाही. मी दुभाषी म्हणून शेजारी उभी होते आणि ते वाक्य मला स्पॅनिशमध्ये म्हणायचं होतं. एकदा म्हणता आलं नाही. पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर जाऊन आले, मग म्हटलं.

कंपनीने बुकित बातोकला एक फ्लॅट घेऊन ठेवला आहे, जहाजाची वाट बघणाऱ्या माणसांसाठी. तिथे त्याला दहा दिवस राहायचं होतं. दहाव्या दिवशी हॉस्पिटलात तपासणी, आणि त्यावर ठरणार होतं की विमानाने घरी जाता येईल का आणि पुढे जहाजावर परत चढण्याची काही आशा आहे का. नर्सने एक छापील तक्ता दिला होता: वेळ, काय, किती. त्याला इंग्रजी लिहिता येत नव्हतं, म्हणून मी रोज सकाळ-संध्याकाळ फोन करून विचारायचे आणि भरायचे. तो सांगायचा: सकाळी काफेसितो, दुपारी सोपीता, चार वाजता हुगीतो, म्हणजे फळांचा रस, आणि गोळीबरोबर अग्वीता. प्रत्येक गोष्ट लहान. मी विचारायचे, किती? तो म्हणायचा, "सांगितलं ना, मिहीता. एक काफेसितो." मिहीता म्हणजे पोरी, मलाही त्याने लहान करूनच ठेवलं होतं. मी लिहायचे: लहान कॉफी, शंभर. लहान सूप, शंभर. मला ठाऊक होतं की कप तेवढाच असतो. पण दुभाष्याने ऐकलं ते सांगायचं, आपल्या मनाची भर घालायची नाही, हेही मला ठाऊक होतं. 'मला वाटलं' असा रकाना त्याही तक्त्यात नव्हता. बाबा, पहिल्या वेळी मी मायेपोटी खोटं लिहिलं होतं. या वेळी काटेकोर राहण्याच्या नादात तेच लिहिलं.

आठव्या दिवशी, शनिवारी, मला राहवलं नाही. बाजारातून प्लास्टिकचं एक मोजपात्र घेतलं आणि एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत बसले. बिशान आणि बुकित बातोक एकाच लाल लाईनवर आहेत, पण गाडी सगळा उत्तरेचा वळसा घालून जाते, त्यामुळे विचार करायला वेळ पुष्कळ मिळतो. विचार एकच: तक्ता खोटा निघाला तर काय? दार उघडलं तर घरभर आलं-लसणाचा आणि माशाचा वास. एवढंसं स्वयंपाकघर त्याने चकचकीत पुसून ठेवलं होतं, सुऱ्या आकाराने लावलेल्या.

"बस, मिहीता. सोपीता तयार आहे," तो म्हणाला आणि माझ्यासमोर ठेवला तो वाडगा नव्हता, लहान घमेलं होतं. त्याचं त्याने तेवढंच घेतलं.

"ही सोपीता?"

"तुला अजून हवी?"

मी पिशवीतून मोजपात्र काढलं. त्याने आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हे काय?"

"मोजायचं आहे. तुमचं."

"सूप मोजतेस?" त्याच्या आवाजात असा धक्का होता, जणू मी त्याच्या आईचं वय विचारलं. "तीस वर्षं जहाजावर रांधलं. शिव्या खाल्ल्या, कौतुकं खाल्ली. पण माझं सूप कुणी मोजलं नाही."

तरी मी मोजलं. चारशे सत्तर. मग त्याला म्हटलं, काफेसितोचा कप दाखवा. त्याने ओट्यावरचा मग दाखवला, त्यात इथली एक जुडी कोथिंबीर मावली असती. हुगीतोचा ग्लास त्याहून उंच. मी मनात आठ दिवसांची बेरीज करायला लागले आणि मधेच सोडून दिली. "हे रोज एवढं?" मी विचारलं.

"रोज कुठे? आज तू आलीस म्हणून मी जरा कमीच घेतलं."

"मग फोनवर लहान लहान का सांगत होता?"

तो खुर्चीवर बसला. त्याला माझा प्रश्नच नवा होता. तो टेबलावरची मिठाची बरणी सरळ करत राहिला. मग म्हणाला, "जेवणाला मोठ्या नावाने हाक मारली तर पाहुणा घाबरतो. माझी आई असं म्हणायची. ये, आरोसितो खाऊन जा, म्हटलं की माणूस बसतो. ये, भात जेव, म्हटलं तर तो म्हणतो, नको, उशीर झाला." मग बरणीचं झाकण घट्ट करत तो म्हणाला, "आणि आपणच मागताना तर लहानच मागायचं. लहान मागितलं की समोरच्याला नाही म्हणवत नाही."

मी त्याला सांगितलं की आठ दिवस मी तक्त्यात शंभर-शंभर लिहिलं आहे. त्याच्यावरून डॉक्टर गोळ्या ठरवणार. त्याच्यावरून तो विमानात बसणार की नाही ते ठरणार.

"तू चुकीचं कुठे लिहिलंस? मी बोललो तेच लिहिलंस."

"पण खरं ते नाही."

"म्हणजे सांगणार."

"सांगावं लागेल."

त्याने मान हलवली. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर विनवणी केली असती, तीन महिने घर पाहिलं नाही, गॅलीखेरीज दुसरं स्वयंपाकघर मला माहीत नाही, आणि हे सगळं तो आधी बोललाही होता. त्या दुपारी त्यातलं काही बोलला नाही. उठला, आपल्या वाडग्यातलं सूप अर्ध्याहून जास्त परत पातेल्यात ओतलं, थेंबही न सांडता, आणि म्हणाला, "सांग. फक्त एवढंही सांग की मीठ घातलं नव्हतं. ते खरं आहे. चाखून बघ." मी चाखलं. खरंच नव्हतं. मी माझं घमेलं सगळं संपवलं, कारण त्याखेरीज त्याला देण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं.

सोमवारी सकाळी हॉस्पिटलात हृदयाच्या विभागात एक चिनी नर्स होती, साठीच्या आसपासची, केस मुलासारखे कापलेले. सगळे पेशंट तिला आंटी म्हणत होते. मी दोन कागद नेले होते: एक भरलेला तक्ता आणि एक मी नव्याने केलेला, खरा, ज्याच्यावर दोन ओळींची माफी होती. मी दोन्ही पुढे केले. तिने ते न वाचताच टेबलावर पालथे ठेवले, त्याला काट्यावर उभं केलं, वजन बघितलं, मग खाली वाकून त्याच्या नडगीवर अंगठा दाबला आणि सोडला. खड्डा पडला होता, आणि तो हळूहळू भरून येताना ती घड्याळाकडे बघत होती.

त्याला तिने बाहेर बसायला सांगितलं. मी माझं सुरू केलं. स्पॅनिशमध्ये खाण्याच्या वस्तूंना लहान करून बोलायची रीत असते, आणि ती मला माहीत असून मी... तिने मला मधेच थांबवलं.

"गर्ल, एव्हरीबडी ऑल्सो से स्मॉल-स्मॉल वन, लाह. स्पॅनिश, चायनीज, सेम. माय मदर से, आय ईट वन स्पून पॉरिज ओन्ली. वन स्पून. देन आय वॉश द पॉट."

"मग हा तक्ता?"

"तक्ता त्याच्यासाठी. लिहायला लागलं की माणूस जरा जपून पितो. आम्ही बघतो ते इथे," तिने काट्यावर टकटक केलं, "आणि इथे," स्वतःच्या नडगीवर. "दीड किलो वाढलंय. जास्त पितोय. गोळी वाढवायची, सूप कमी करायचं. गुरुवारचं विमान चालेल. जहाजाचं काय ते त्याच्या देशातले डॉक्टर तीन महिन्यांनी बघतील."

त्या वेळी मला आपले पुण्याचे डॉक्टर आठवले. तेही असंच करायचे. मी वही दोन्ही हातांनी पुढे धरलेली असायची आणि ते म्हणायचे, "ठेव बाळ तिकडे, आधी बाबांना काट्यावर घे." मग खाली वाकून अंगठा. वही ते कधीच उघडत नसत. मला तेव्हा अपमान वाटायचा, मी इतक्या नीट रेघेत लिहिते आणि हे बघतही नाहीत. सोळा वर्षं ती आठवण माझ्याजवळ होती, बाबा, आणि ती मला काय सांगते आहे ते मी कधी ऐकलंच नव्हतं. तुमचं पाणी काट्यावर दिसत होतं. दर आठवड्याला दिसत होतं. मी 'थोडे' लिहिलं काय आणि समुद्र लिहिला काय.

मी तिला विचारलं, एखाद्याने रोज एक पेला जास्त दिला आणि खरा लिहिला नाही, तर?

तिने मान वर केली. "हू?"

"माय फादर."

"व्हेन?"

मी सांगितलं.

"अय्या," ती म्हणाली, आणि हातातलं पेन खाली ठेवलं. मग ती अगदी सरळ, बसचा नंबर सांगावा तशी बोलली. "हार्ट ऑलरेडी टायर्ड. नॉट बिकॉज ऑफ वॉटर. उन्हाळा होता?"

"हो."

"देन गुड यू गेव्ह."

तिने टिश्यूचा खोका माझ्याकडे सरकवला आणि पुढच्या पेशंटची फाईल उघडली. बाहेर आले तर तो बाकावर, टोपी गुडघ्यावर, माझ्या चेहऱ्याकडे बघतच उठला. मी त्याला पार विसरले होते. आत कितीतरी आधी ठरलं होतं की तो गुरुवारी घरी जाणार, आणि इकडे तो माझे डोळे बघून आपलं सगळं संपलं असं समजला होता.

"किती वाईट, मिहीता?"

"वाईट नाही. गुरुवारी घरी. सूप कमी."

"मग रडतेस कशाला? सूप माझं कमी झालंय."

मी त्याच बाकावर बसून त्याला तुमची गोष्ट सांगितली, वहीसकट, पेल्यासकट. ज्याला सांगितली तो असा कुणी असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि फक्त एवढं विचारलं, "पाणी गार होतं का?"

"मातीच्या भांड्यातलं होतं."

"मग ठीक आहे," तो म्हणाला आणि टोपी घातली.

गुरुवारी त्याला विमानतळावर सोडलं. जहाजावर परत घेतील का, हे अजून कुणालाच माहीत नाही. तो पोचल्याचा निरोप आला, खाली त्याच्या स्वयंपाकघराचा फोटो, त्यात एक लहान कप. लहान म्हणजे खरंच लहान. मला दाखवायलाच काढला असणार.

मग रविवारी मी आईला फोन केला. इतकी वर्षं जे बोलले नव्हते ते कसं सुरू करावं याची मी चार वाक्यं तयार केली होती, आणि त्यातलं एकही तोंडात आलं नाही.

"आई, मी बाबांना पाणी द्यायचे. जास्तीचं. वहीत खरं लिहायचे नाही."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. ती गॅस बारीक करायला गेली आणि परत आली. "किती वाजता द्यायचीस?"

"शाळेतून आल्यावर. साडेपाचला."

"म्हणजे माझ्यानंतर," आई म्हणाली.

"तुझ्या कशाच्या नंतर?"

"अगं, मी दुपारी ताक द्यायचे. मीठ न घालता, जिरं लावून. वाटीभर घ्या म्हणायचे, पण तांब्याच असायचा." ती हसायला लागली होती. "ते मला काय म्हणायचे माहितीये? पोरीला सांगू नकोस, ती लिहील."

"आणि डॉक्टर?"

"त्यांना दिसत होतं की. मला बाजूला घेऊन म्हणाले होते, वहिनी, आता फार अडवू नका."

"मग वही कशाला होती?"

"ती तुझ्या बाबांनी तुझ्यासाठी आणली. म्हणाले, ही नुसती दारात उभी राहून बघत बसते. हिच्या हातात काहीतरी असू दे."

फोन ठेवल्यावर मला आधी राग आला. तुम्ही दोघींकडूनही मागून घेत होतात, आणि अपराध्यासारखी सोळा वर्षं फक्त मी बसले होते. मग तुमची सही डोळ्यांसमोर आली, 'थोडे' या शब्दापुढची, आणि कळलं की तुम्ही मला पकडत नव्हता. त्या ओळीवर तुम्ही थांबायचात ते बहुतेक हसू आवरायला. दुपारचा तांब्या आणि संध्याकाळचा पेला पोटात घेऊन, समोर वही धरून उभ्या असलेल्या पोरीसमोर, गंभीर चेहऱ्याने सही करणारा माणूस. हे चित्र मनात आलं आणि मी इथे बिशानच्या फ्लॅटमध्ये एकटीच मोठ्याने हसले. त्या महिन्यांची आठवण येऊन मी पहिल्यांदाच हसले. शेजारच्या खोलीतली मुलगी बघायला आली, काय झालं म्हणून. म्हटलं, काही नाही, घरचा फोन होता.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, आईलाही दाखवायचं नाही. तिला जे सांगायचं ते फोनवर सांगून झालं आणि ती ते कुकरच्या तीन शिट्ट्यांत विसरूनही गेली असेल. मला मात्र आता रात्री झोप लागते. फॉर्म अजून दोनदा तपासते, पण तिसऱ्यांदा नाही. एकच राहिलंय, तेही कबूल करून टाकते. आईने ताक म्हटलं तेव्हा मला तिचा बारीकसा हेवा वाटला. मी रोज पाणीच देत राहिले, बाबा. तुम्हाला ताक आवडतं हे मला माहीत होतं, फ्रिज दोन पावलांवर होता, आणि मला ते सुचलं नाही.